विहिरीत सापडलेला चक्राचा दगड शाळिग्राम असू शकतो का?

पारोळ्याची सून

नमस्कार. आमचं शेत पारोळा तालुक्यात आहे. या उन्हाळ्यात विहिरीचं खोलीकरण केलं. क्रेनने वर काढलेल्या मांजऱ्याच्या (भोकाभोकांच्या खडकाच्या) ढिगात मुलाला एक दगड मिळाला. मुठीत मावेल एवढा, बाहेरून खडबडीत, हिरवट. एका बाजूने फुटलाय आणि तिथे राखाडी-पांढऱ्या रेघा गोल गोल आत गेलेल्या दिसतात. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तो धुतला आणि थेट देवघरात जुन्या शाळिग्रामाशेजारी मांडला. आता रोज दोघांना तुळस.

मुलगा आठवीत आहे. तो म्हणाला, शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्रातल्या जिवाचा जीवाश्म, नॉटिलस नावाच्या शंखवाल्या समुद्री प्राण्याचा भाऊबंद. आप्पा तापले. "देवाला गोगलगाय म्हणतो का रे?" तेव्हापासून आजा-नातवाचं बोलणं माझ्यामार्फत चालू आहे.

जाणकारांनी सांगावं, विहिरीतला दगड अमोनाइट असू शकतो का? घरचा शाळिग्राम (आजेसासऱ्यांनी यात्रेहून आणलेला) अस्सल आहे की कोरलेला, हे घरच्या घरी कळतं का? आणि मुलाचा प्रश्न असा की नॉटिलस आजही जिवंत आहे, मग अमोनाइट एकही का उरला नाही?

जामनेरी गडी

फोटो टाका ना ताई, बिगर फोटोचं काय सांगणार? आमच्याकडे विहीर खोदताना असल्या गारगोट्या घमेल्याने निघतात. मी तर म्हणतो गारगोटीच.

नाना, अमळनेर

ताई, कॉलेजच्या भूशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी नोकरी झाली. प्राध्यापक बदलत गेले, दगडांचे ड्रॉवर मात्र माझ्याच ताब्यात राहिले. म्हणून जरा लांबण लावतो, रागावू नका.

आधी विहिरीचं. तुमच्या शेताखाली काय आहे? वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मधेच एखादा गेरूचा तांबडा पट्टा. हा सगळा लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीवर थरावर थर सांडलेला. मांजऱ्याला जी भोकं दिसतात ते लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. त्या पोकळ्यांत पुढे पाणी मुरलं आणि भिंतीपासून आतल्या बाजूला सिलिकेचे (गारेच्या द्रव्याचे) पापुद्रे चढत गेले. त्याचा झाला अकीक. जळगावकडचे हिरवे अपोफिलाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक घेतात ना, तेही असल्याच पोकळ्यांत वाढलेले. वितळलेल्या दगडात समुद्रातला शिंपला टिकायचा कसा?

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. पोराच्या हातात एक टाचणी द्या. कुठल्याही एका रेघेवर ती टेकवायची आणि रेघ न सोडता फिरवत न्यायची. निघालो तिथेच परत आलो तर ती एकात एक बसलेली कडी आहेत, म्हणजे अकीक. टोक आत आत सरकत मध्यावर पोचलं तर वेटोळं, आणि मग मला लगेच कळवा, मी एसटी धरून येतो. दुसरी खूण, अकीकाने काचेवर ओरखडा उठतो (जुन्या बाटलीवर करा, कपाटाच्या आरशावर नको). शिंपल्याचा चुना लिंबाने फेसाळतो, म्हणून लिंबू पिळून फेस येतो का बघा असंही कोणी सांगेल. त्यावर विसंबू नका, कारण मांजऱ्याच्या भोकांत कॅल्साइट हे चुन्याचं खनिजही असतं आणि तेही फेसाळतं.

आता शाळिग्राम. तो आपल्या मातीतला नव्हेच. नेपाळात मुक्तिनाथच्या खाली काली गंडकी वाहते, तिच्या पात्रातला. टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राच्या तळाचा काळा चिखल होता, त्यात हे अमोनाइट गाडले गेले, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी. त्यांच्याभोवती चिखल घट्ट होऊन गोळे बनले. पुढे हिमालय उचलला गेला आणि नदीने ते गोळे सोडवून घासून गुळगुळीत केले. म्हणून समुद्रातला जीव आज हिमालयाच्या कुशीत मिळतो. काहींत सोनेरी चमक दिसते, ते पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज. हिरण्यगर्भ म्हणून जे शाळिग्राम पुजतात, त्यांत हीच चमक असते.

अस्सल ओळखायचा तर भिंग घ्या. खऱ्या चक्रात कडेच्या बरगड्या मध्याकडे जाताना क्रमाने बारीक आणि दाट होत जातात, कारण प्राणी वाढेल तसं कवच वाढलेलं असतं. कोरलेल्यात बरगड्या एकसारख्या जाडीच्या येतात आणि खाचेच्या तळाशी हत्याराचे समांतर ओरखडे दिसतात. काही शाळिग्राम बाहेरून गुळगुळीत असतात, फक्त एक भोक असतं आणि चक्र आत. तसा असेल तर तो फोडून बघायची बुद्धी कोणाला होऊ देऊ नका.

आणि आप्पांना सांगा, गोगलगाय नव्हे. गोगलगाईचं कवच आतून सलग पोकळ असतं. अमोनाइट आणि नॉटिलसच्या कवचात पडदे घालून खोल्या केलेल्या असतात. प्राणी राहतो शेवटच्या मोठ्या खोलीत. मागच्या खोल्यांतून एक नळी गेलेली असते. तिच्यातून खोल्यांतलं पाणी काढून घेतात, तिथे वायू भरतो आणि जड कवच पाण्यात तोललं जातं. नॉटिलसची नळी साधारण पडद्यांच्या मधून जाते, अमोनाइटची बाहेरच्या कडेने. नॉटिलसचा पडदा कवचाला टेकतो तिथे सौम्य वळणाची रेघ उमटते. अमोनाइटची तीच रेघ कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली. माझ्या ड्रॉवरमध्ये कच्छचा एक अमोनाइट होता, वरचं कवच झिजून ती नक्षी उघडी पडलेली. मुलं तास संपला तरी सोडत नसत.

पोराला एक भर घाला. भाऊबंद म्हणाला ते ठीक, पण सख्खे नव्हेत. अमोनाइट नात्याने माकूळ आणि ऑक्टोपसच्या जास्त जवळचे. नॉटिलसचं घराणं त्याहून जुनं, जवळपास ५० कोटी वर्षांचं. त्यातले पुष्कळ पूर्वज वेटोळे नव्हतेच, सरळ शंकूसारखे होते, काही तर कित्येक मीटर लांब.

नंदुरबारहून

नाना, मस्त. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळी होती ना? नागपूरच्या टाकळीला तशा थरात शंख मिळालेत असं वाचलंय.

दुसरं, एका प्रदर्शनात उभा चिरून पॉलिश केलेला नॉटिलसचा शंख विकायला होता. घ्यावा का?

नाना, अमळनेर

बरोबर बोललात. पण ते शंख गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे, फायसा वगैरे. खोल्या नाहीत, नळी नाही. आणि ते थर चिखल-चुन्याचे असतात, मांजऱ्यात नव्हे.

शंख अजिबात घेऊ नका. नॉटिलस पॉम्पिलियस आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे. २०१६ मध्ये साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातही आला, म्हणजे देशाबाहेरच्या व्यापारावरही बंधन. कारण साधं आहे. हा प्राणी वयात यायलाच १० ते १५ वर्षं घेतो, मोजकी अंडी घालतो आणि अंडं फुटायला जवळजवळ वर्ष लागतं. कोळ्यांनी सापळ्यात आमिष लावून शंखासाठी उपसला की त्या भागातली संख्या सावरतच नाही. शोकेससाठी एवढं करायचं? मला तरी पटत नाही.

मुलाचा प्रश्न राहिलाच. अमोनाइट संपले तो काळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपला हा काळा पाषाण सांडत होता तोच. त्याच सुमारास मेक्सिकोत युकातानला अशनी आदळला. दोष किती कोणाचा यावर तज्ज्ञ अजून भांडतात, अशनीचं पारडं सध्या जड आहे. समुद्राच्या वरच्या थरातलं सूक्ष्म अन्न कोसळलं. अमोनाइटची पिल्लं जेमतेम मिलिमीटरभराची, त्याच थरात तरंगणारी आणि तेच खाणारी. ती उपाशी मेली असावीत. नॉटिलसचं पिल्लू अंड्यातून निघतानाच दोन-अडीच सेंटिमीटरचं असतं, मोठ्या बलकावर पोसलेलं. मोठे नॉटिलस काही शे मीटर खोलीवर वावरतात, मेलेलं खातात आणि कमी खाण्यावर दिवस काढतात. संशोधकांचा कल या कारणाकडे आहे. नॉटिलसच्या डोळ्याला भिंग नाही, नुसतं भोक. अशा ओबडधोबड प्राण्याने नक्षीदार अमोनाइटला मागे टाकलं, याची मला अजून गंमत वाटते.

पारोळ्याची सून

नाना, टाचणी फिरून जागेवर आली. काचेवर ओरखडाही उठला. जुन्या शाळिग्रामाच्या बरगड्या मात्र तुम्ही म्हणता तशाच बारीक होत जातात, भिंगातून आप्पांनी स्वतः बघितल्या. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, समुद्र हिमालयात होता तर आपल्याकडे कधीच नव्हता का? तेवढं सांगा, आता दोघं मिळून माझ्या मागे लागलेत.

नाना, अमळनेर

होता की, सातपुड्यापलीकडे! नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राची जीभ आत आली होती, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, लाव्ह्याच्या आधी. त्याचा चुनखडक मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग गावाच्या आसपास उघडा आहे. त्यात प्लॅसेंटिसेरास नावाचे चपटे अमोनाइट, कालवांचे थर, सगळं मिळतं. धुळ्याहून शिरपूर, बिजासन घाट, सेंधवा, बडवानी, मग नर्मदा ओलांडून कुक्षी आणि बाग. आप्पांना घेऊन जा, बागच्या लेण्याही होतील. दगड उचलून मात्र आणू नका, त्या भागात जीवाश्मांना संरक्षण आहे. फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. आणि दिवाळीनंतर जा, उन्हाळ्यात त्या नाल्यांत सावलीला झाड मिळत नाही.