बास अँपच्या व्होल्युम नॉबची खरखर घरच्या घरी कशी घालवायची?

रत्नागिरीचा_बासवाला

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. माझ्याकडे १०० वॉटचा सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरचा) बास काँबो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत, आहे, सेकंडहँड घेतलेला, माझ्याकडे येऊन तीन पावसाळे झाले. आमचा ऑर्केस्ट्रा आहे, लग्नसराईत महिन्याला आठ-दहा कार्यक्रम असतात आणि बाकीच्या वेळी अँप माझ्या खोलीत भिंतीला लागून पडलेला असतो, घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या गणपतीपासून मास्टर व्होल्युम फिरवला की स्पीकरमधून कर्रकर्र येतं, आणि घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर नॉब ९ ते ११ च्या मध्ये असला की सगळ्यात जास्त. एका जागी तर आवाज पूर्ण बंदच होतो आणि नॉबवर नुसतं बोट टेकवलं तरी परत येतो. परवा हळदीच्या कार्यक्रमात गाण्याच्या मध्यावर बास गेला, नाचणारे नाचत होते पण ढोलकीवाल्याने लगेच मान वळवून बघितलं, इतकं वाईट वाटलं काय सांगू. गेन नॉब (आत येणारा सिग्नल वाढवायचा) पण थोडा खरखरतो पण चालून जातं.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं की पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, साडेचार हजार होतील. एका मित्राने सांगितलं की बिजागरीला मारतो तो गंज काढायचा स्प्रे नॉबच्या फटीतून मार, झालं काम. मी केबलचे जॅक स्वतः सोल्डर करतो पण अँप आजपर्यंत उघडलेला नाही. काय करू?

सोल्डरकाका_पुणे

बोर्ड बिलकुल बदलू नकोस. आणि तो बिजागरीचा स्प्रे तर त्याच्या जवळपास पण नेऊ नकोस. तो मारला की दोन दिवस आवाज छान येतो म्हणून लोकांना वाटतं जमलं, पण पॉटच्या (नॉबच्या मागचा फिरता रेझिस्टर, पोटेन्शिओमीटर) आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि तेलाचा थर राहतो, त्यावर धूळ बसते, महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त खरखर. असे बरेच अँप हातातून गेलेत माझ्या.

आधी आतमध्ये काय असतं ते समजून घे म्हणजे हात चुकणार नाही. पॉटमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक बारीक जीभ फिरते. तू नॉब फिरवतोस तेव्हा ती जीभ पट्टीवरून घासत जाते. मध्ये धुळीचा कण किंवा खाऱ्या हवेने आलेला थर आला की जीभ क्षणभर पट्टीपासून सुटते, सिग्नल एकदम उडी मारतो, आणि पुढची सगळी सर्किट ती उडी शंभर वॉटची करून स्पीकरला पाठवते. बोट टेकवल्यावर तुझा आवाज परत येतो तो त्यामुळेच, दाबाने जीभ पुन्हा पट्टीला लागते. आणि ९ ते ११ मध्येच जास्त का, तर तू कायम तिथेच वाजवत असणार, तेवढाच भाग घासला गेलाय.

उघडायच्या आधी एक गोष्ट कर. बासची केबल काढून टाक, अँप चालू ठेव आणि नुसता मास्टर फिरव. तरी खरखर आली तर दोष अँपमध्ये. केबल काढल्यावर एकदम शांत झाला तर आधी बासचे स्वतःचे नॉब आणि केबल बघ, निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

आता उघडायचं. प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग दहा मिनिटं थांबायचं. आतमध्ये डब्यासारखे दोन मोठे कपॅसिटर दिसतील, तुझ्या अँपमध्ये त्यांच्यावर चाळीसेक व्होल्ट राहू शकतात, मल्टीमीटर डीसीवर ठेवून मोज आणि एक-दोन व्होल्टच्या खाली आले की मगच हात घाल. उतरत नसतील तर १ के (किलो-ओहम) ५ वॉटचा रेझिस्टर पकडीत धरून दोन टोकांना लाव. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय काही लोकांना असते, ती करू नकोस. वाचणाऱ्यांपैकी कोणाचा ट्यूब अँप असेल तर त्यांनी इथेच थांबा, तिथे चारशे-पाचशे व्होल्ट असतात, जाणकाराकडेच न्या.

स्पीकरच्या दोन वायरी काढताना कुठली प्लसची ते मोबाईलवर फोटो काढून ठेव. नॉब ओढून निघत नसेल तर खालून सुती दोरा एक वेढा घालून सरळ वर खेच, स्क्रूड्रायव्हरने उचकलास तर पॅनेलचा रंग जाईल. पॉटच्या मागच्या बाजूला जिथे तीन पाय बाहेर येतात तिथेच वर एक बारीक फट असते, स्प्रे त्या फटीतून आत जायला हवा. पुढून दांड्याच्या बाजूने मारलेला पट्टीपर्यंत पोचतच नाही, उलट दांड्याचं जाड ग्रीस वितळतं आणि नॉब ढिला होतो. नळी लावून अर्धा सेकंद, बास. लगेच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरव. पुन्हा एकदा थोडा मार, पुन्हा फिरव. मग अर्धा-पाऊण तास वाळू दे, खिडकी उघडी ठेव, हे स्प्रे पेट घेतात म्हणून ओलं असताना करंट द्यायचा नाही.

स्प्रे घेताना दुकानदाराला स्पष्ट सांग की कार्बन पॉटसाठी, ल्युब्रिकंट असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर दे. डीऑक्सिट ब्रँडचा घेणार असशील तर त्यातला फेडरवाला घे, पॉटसाठी तोच. नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ होतं पण पॉट कोरडा पडतो आणि नंतर लवकर घासतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल, रत्नागिरीत नाही मिळालं तर कुरिअरने मागव.

मडगावकर

काकांनी सगळं सांगितलंच आहे, फक्त एक राहिलं. भावा, तुझ्या अँपच्या मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक (बाहेरचा इफेक्ट जोडायचे) आहेत का? असतील तर आधी एक छोटी पॅच केबल घेऊन दोन्हीमध्ये लाव आणि वाजवून बघ. रिटर्न जॅकच्या आत एक पत्ती असते, काही लावलेलं नसताना सिग्नल तिच्यातूनच जातो, आणि समुद्राच्या हवेत ती पत्ती काळी पडते. माझा अँप असाच मधूनच गप्प व्हायचा, मी दोन महिने पॉटच्या मागे लागलो होतो आणि शेवटी ती पत्ती निघाली. जॅकवर थोडा क्लीनर मारून प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर केला, बरा झाला.

आणि अँप भिंतीला लावून ठेवू नको रे, आपल्याकडच्या भिंती पावसाळ्यात पाणी सोडतात. मी लाकडी पाटावर ठेवतो, वर सुती चादर टाकतो, प्लास्टिक अजिबात नाही, त्याच्या आत घाम धरतो. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करून ठेवतो आणि सगळे नॉब पूर्ण फिरवतो. तीन-चार वर्षांत परत उघडायची वेळ नाही आली.

जुना_टीव्ही_मेकॅनिक

साफ करूनही चार दिवसांत खरखर परत आली तर पॉटला दोष देऊ नका. बऱ्याचदा पॉटच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर गळत असतो. त्याचं काम सिग्नल पुढे सोडायचं आणि डीसी (एकाच दिशेचा स्थिर करंट) अडवायचं, म्हातारा झाला की डीसी पण सोडतो, आणि पॉटवर डीसी आला की नवाकोरा पॉटसुद्धा खरखरतो. फिरवताना खरखरीबरोबर स्पीकरचा कोन आत-बाहेर ढकलला गेलेला दिसला तर बहुतेक हेच. ते चालू अँपवर मोजावं लागतं म्हणून तुम्ही नका करू, मेकॅनिकला सांगा की पॉटवर डीसी आहे का बघ, कपॅसिटर दहा-वीस रुपयांचा असतो.

पट्टी घासलीय का ते बघायला काट्याचा मल्टीमीटर चांगला. ओहमवर ठेवा, एक वायर मधल्या पायाला, एक कडेच्या, आणि नॉब अगदी सावकाश फिरवा. काटा गुळगुळीत सरकला पाहिजे. एखाद्या जागी झटका मारून परत आला तर तिथे पट्टी गेली, स्प्रेने भरून येत नाही.

रत्नागिरीचा_बासवाला

मंडळी, काल रविवारी उघडला. आधी पॅच केबल लावून बघितली, फरक नाही. मग केबल काढून मास्टर फिरवला, खरखर होतीच. काकांनी सांगितलं तसं कपॅसिटर मोजले, दहा मिनिटांनी ६ व्होल्ट होते, अजून थांबलो तेव्हा १ च्या खाली आले. गेनच्या पॉटला दोन वेळा स्प्रे मारला, एकदम लोण्यासारखा झाला. मास्टरची खरखर नव्वद टक्के गेली पण १० च्या जागी अजून आवाज तुटतो, शेजारच्या सरांकडून काट्याचा मीटर आणला तर बरोब्बर तिथेच काटा उडी मारतो. म्हणजे बदलावाच लागणार. पॉटच्या पाठीवर ए१०के लिहिलंय, दुकानात बी१०के आहे म्हणतात, चालेल का?

सोल्डरकाका_पुणे

नको, ए च घे. ए म्हणजे लॉग (कानाला आवाज हळूहळू वाढल्यासारखा वाटतो), बी म्हणजे लिनियर (फिरवू तितक्या सरळ प्रमाणात). बी लावलास तर पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज येईल आणि पुढे फिरवून काही फरकच कळणार नाही, स्टेजवर बारीक ॲडजस्ट करता येत नाही. जुना पॉट काढून सोबतच पाठव किंवा फोटो पाठव, १६ एमएमचा आहे का, पाय सरळ आहेत की वाकलेले, दांडा दात्यांचा आहे की एका बाजूने कापलेला, हे तिन्ही जुळलं पाहिजे नाहीतर नॉब बसणार नाही. पॅनेलचा नट बहुतेक १० च्या पान्याने निघेल. पाय काढताना आधी थोडं नवीन सोल्डर घाल, मग पंपाने ओढ, जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही आणि ओढाताण केली की बोर्डवरची तांब्याची पट्टी उचकटते.

रत्नागिरीचा_बासवाला

लॅमिंग्टन रोडवरून ए१०के मागवला, पस्तीस रुपये, कुरिअरच त्याहून जास्त. काल संध्याकाळी बसवला. ई ची तार मोकळी वाजवत शून्यापासून शेवटपर्यंत सावकाश फिरवला, कुठेही टिक सुद्धा नाही, आई स्वयंपाकघरातून विचारत आली की आज आवाज असा भरून कसा येतोय. अँप आता भिंतीपासून हातभर पुढे, पाटावर. शनिवारी संगमेश्वरला कार्यक्रम आहे, जुना पॉट टूलबॉक्समध्ये ठेवलाय, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला.