रिचार्जही भरायचा आणि जाहिरातीही पाहायच्या, हे किती दिवस चालणार?

प्रतापनगरकर (धागाकर्ता)

दूरचित्रवाणीवरील आणि बातम्यांच्या संकेतस्थळांवरील जाहिरातींचा अतिरेक आता असह्य झाला आहे, असे माझे मत आहे. जाहिराती असूच नयेत, असे मी म्हणत नाही. प्रमाणाचा नियम कागदावर असूनही तो पाळला जात नाही आणि प्रेक्षक मात्र दरमहा पैसे भरून गप्प बसतो, ही माझी तक्रार आहे.

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सातव्या नियमानुसार तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यातली १० मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि २ मिनिटे वाहिनीने स्वतःच्या कार्यक्रमांची प्रसिद्धी करण्यासाठी. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू यावी आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर वा सरकता मजकूर देऊन तिने कार्यक्रमात व्यत्यय आणू नये, असेही त्याच नियमात म्हटले आहे. आता प्रत्यक्षात काय दिसते ते पाहा. डिसेंबरात आपल्याकडे नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असते, कापूस किंवा धानाच्या प्रश्नावर मंत्री उत्तर देत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते, बाजूने आणि खालून एल बँडची, म्हणजे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या पट्टीची, जाहिरात पसरते, आणि मदतीचा जो आकडा ऐकण्यासाठी आपण बसलेलो असतो तोच निसटतो.

ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१२ मध्ये याबाबत विनियम काढले. दोन ब्रेकमध्ये किमान १५ मिनिटांचे अंतर असावे, चित्रपटात ते ३० मिनिटांचे असावे आणि अर्धवट पडद्यावरच्या जाहिराती बंद व्हाव्यात, अशा तरतुदी त्यात होत्या. २०१३ च्या दुरुस्तीत त्या गळून पडल्या आणि तासाला १२ मिनिटांची मर्यादा तेवढी उरली. तिलाही वाहिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, कठोर कारवाई करू नये असा अंतरिम आदेश मिळाला, आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ ते प्रकरण रेंगाळत राहिले.

संकेतस्थळांची अवस्था याहून वाईट आहे. उन्हाळ्यात उद्या आपल्या भागात पाणी येणार आहे की नाही, एवढेच पाहायला मोबाइलवर बातमी उघडावी, तर आधी पूर्ण पडदाभर जाहिरात येते. ती बंद करण्याची फुली इतकी बारीक असते की बोट जाहिरातीवरच पडते आणि भलतेच पान उघडते. मागे येऊन वाचू लागावे, तर वर नवी जाहिरात उतरते आणि वाचत असलेली ओळ खाली सरकते. तळाशी एक व्हिडिओ आपोआप बोलू लागतो. ज्या टाक्यांवरून पुरवठा बंद राहणार आहे त्यांची यादी या सगळ्याच्या खाली, "पुढे वाचा" दाबल्यावर मिळते.

इतवारीचा व्यापारी

धागाकर्त्यांचा त्रास खरा आहे, पण नियम काटेकोर लागू व्हावा, या त्यांच्या अपेक्षेशी मी सहमत नाही. जाहिरात हा केवळ प्रेक्षकाच्या डोक्याला ताप नसतो, ती कोणाच्या तरी धंद्याची गरज असते. माझे कापडाचे दुकान आहे. दूरचित्रवाणीवरचा वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने विकला जातो आणि मोठ्या वाहिनीवरचा दर माझ्यासारख्याला परवडत नाही. मला परवडते ती दसरा-दिवाळीच्या दिवसांत स्थानिक केबल वाहिनीवर खाली सरकणारी पट्टी, जी आपल्याला नियमबाह्य वाटते. ती बंद झाली तर मोठ्या कंपन्यांचे काहीच बिघडणार नाही, पण गांधीबाग आणि इतवारीच्या दुकानदारांचा आवाज मात्र बंद होईल.

शिवाय जाहिरात आपल्या शहराला नवी नाही. विविध भारतीवर १९६७ साली व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा मुंबई आणि पुण्याबरोबर नागपूर केंद्रही त्यात होते. लोकांनी तेव्हाही गाण्यांच्या मध्ये जाहिराती ऐकल्या आणि रेडिओ बंद केला नाही.

महालातील वाचक

रेडिओवरच्या त्या जाहिराती गाणे संपल्यावर लागत असत. गाण्याच्या कडव्यावर कोणी दुसरा आवाज चढवत नसे. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

वृत्तकक्षातून

मी नागपुरातच एका बातम्यांच्या संकेतस्थळासाठी काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. "आम्ही पैसे भरतो" हा युक्तिवाद वाहिन्यांच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. २०१९ मध्ये नवी दरपद्धती लागू झाली तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर जीएसटी असे १५३ रुपये ४० पैसे आकारले जात, पण ते शुल्क केबलचालकाचे किंवा डीटीएच कंपनीचे असते. वाहिनीला मिळते ती तिची स्वतःची किंमत, आणि त्यातूनही किमान २० टक्के वितरकाकडे जातात. कित्येक वृत्तवाहिन्या तर निःशुल्क आहेत, म्हणजे प्रेक्षकाकडून त्यांना एक रुपयाही मिळत नाही.

संकेतस्थळांवर वाचक पैसे देत नाही, ही तर उघड गोष्ट आहे. गडचिरोलीला बातमीदार पाठवायचा, त्याच्या गाडीचा, मुक्कामाचा आणि पगाराचा खर्च करायचा, आणि ती बातमी फुकट वाचायला द्यायची, तर तो खर्च कोठून भरून काढायचा? मला सर्वांत जास्त चिंता याच्या पुढच्या गोष्टीची वाटते. व्यापारी जाहिरातींचे उत्पन्न आटले की माध्यमांकडे सरकारी जाहिराती तेवढ्या उरतात. शहरातील रस्त्यांच्या कामांवर टीका करणाऱ्या संकेतस्थळाला उद्या महापालिकेच्या जाहिरातीवरच जगावे लागले, तर ती टीका किती दिवस टिकेल? साबणाची आणि मोटारीची जाहिरात डोळ्यांना खुपते, हे मान्य आहे, पण साबण कंपनीचा फोन येऊन रस्त्याची बातमी उतरवली जात नाही.

प्रतापनगरकर

आपला शेवटचा मुद्दा गंभीर आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. परंतु त्यातून फसव्या मांडणीचे समर्थन होत नाही. न सापडणारी फुली, चुकून दाबले जावे म्हणून बोटाखाली आणून ठेवलेले बटण आणि बातमीच्याच ठशात छापलेली जाहिरात यांच्यावाचून बातमीदाराचा पगार होत नसेल, तर तो पगार वाचकाची दिशाभूल करून होतो, असेच म्हणावे लागेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत आणि बातमीच्या वेषातील जाहिरात त्यांपैकी एक आहे.

इतवारीच्या व्यापारीबंधूंना माझी एकच विनंती आहे. आपल्या दुकानाची पट्टी कार्यक्रम संपल्यावर, पूर्ण पडद्यावर दिसली, तर लोक ती अधिक नीट वाचतील. बोलणाऱ्या माणसाच्या वाक्यावरून सरकणारी पट्टी बघून दुकानाविषयी रागच निर्माण होतो.

वृत्तकक्षातून

फुलीबाबत मी आपल्याशी वाद घालणार नाही. पण एक गोष्ट वाचकांना ठाऊक असावी. आमच्या पानावर कोणती जाहिरात दिसणार, हे बहुतेक वेळा आम्ही ठरवतच नाही. पान उघडत असताना त्या जागेचा लिलाव यंत्रणेमार्फत क्षणार्धात होतो आणि जास्त बोली लावणारा तेथे दिसतो. एका पाहण्यामागे मिळणारी रक्कम इतकी किरकोळ असते की जागा वाढवण्याचा मोह होतो, जागा वाढली की वाचक पान लवकर सोडतो, आणि मग आणखी जागा वाढवली जाते. जागा किती द्यायची हे मात्र आम्हीच ठरवतो आणि ती कमी करावी, असे मी आमच्या बैठकीत अनेकदा सांगितले आहे.

सक्करदऱ्याहून

वाहिन्यांबाबत तक्रार करण्याचा मार्ग उपलब्ध आहे, तो येथे नोंदवतो. केबल नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार जाहिरात संहितेच्या (म्हणजे वर आलेल्या सातव्या नियमाच्या) भंगाची तक्रार थेट वाहिनीकडे करता येते. तिने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. समाधान झाले नाही, तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे जाता येते. तक्रारीत वाहिनीचे नाव, दिनांक आणि नेमकी वेळ लिहावी. "रोजच असे चालते" एवढेच लिहिले, तर कोणाच्याही हाती काही लागत नाही.

इतवारीचा व्यापारी

तक्रार जरूर करावी, माझी हरकत नाही. मात्र १२ मिनिटांची मर्यादा काटेकोर लागू झाली की उरलेल्या वेळेचा दर चढणार, आणि चढलेल्या दरात पहिल्यांदा कोण बाहेर पडणार, याचे उत्तर या धाग्यावर अजून कोणी दिलेले नाही.

प्रतापनगरकर

त्याचे उत्तर माझ्यापाशीही नाही. स्थानिक वाहिन्यांवर छोट्या व्यावसायिकांसाठी राखीव वेळ आणि वेगळा दर असावा, अशी मागणी आपण केलीत, तर त्या निवेदनावर मी आनंदाने सही करीन. वाहिन्यांविषयीची माझी तक्रार या आठवड्यात पाठवत आहे. पोच आली की येथे कळवीन.