इतिहासात मास्टर्स: टॉट की रिसर्च? माझं मत टॉटच

निवांत:
भाचीने पुण्यात इतिहासात बीए केलं, आता इंग्लंडला निघायचंय. दोन ऑफर आल्यात, एक टॉट एमए म्हणजे वर्गात शिकवून होणारं आणि एक एमरेस म्हणजे अर्ध्याहून जास्त काम संशोधनाचं. दोन्ही एकेक वर्षाच्या, फीमध्ये फारसा फरक नाही. घरात सगळ्यांचं एकच, रिसर्चला वजन असतं, तेच घे. मला अजिबात पटत नाहीये. आपल्याकडे बीएला पोरं गाइड वाचून आणि अपेक्षित प्रश्न पाठ करून फर्स्ट क्लास काढतात, दर आठवड्याला ढीगभर वाचून सेमिनारमध्ये तोंड उघडायची सवय कुणाला आहे? ती टॉटमध्ये लागते. आणि तिथेही १८० पैकी साधारण ६० क्रेडिटचा प्रबंध असतोच की, मग एकविसाव्या वर्षी संशोधक व्हायची घाई कशाला?

बोरूबहाद्दर:
साफ असहमत. तो ६० क्रेडिटचा प्रबंध कधी लिहितात माहितीये का, सगळे निबंध सबमिट झाले की उन्हाळ्यात, जेमतेम तीन महिन्यांत, तेव्हा निम्मे प्राध्यापक सुट्टीवर. अर्काइव्हमध्ये तर पहिले पंधरा दिवस कॅटलॉग समजण्यातच जातात. विषय काय आहे तिचा ते सांगा आधी, त्याशिवाय ही चर्चाच हवेत आहे.

निवांत:
१८९७ चा पुण्यातला प्लेग आणि तेव्हाची मराठी वर्तमानपत्रं असं काहीतरी म्हणते.

बोरूबहाद्दर:
अहो मग विचार कसला करताय! मुंबई सरकार तेव्हा देशी पत्रांत काय छापून येतंय त्याचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला काढायचं, ते लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. साहेबाने वाचला तो गोषवारा आणि पुणेकराने वाचला तो मूळ मराठी मजकूर, दोन्ही शेजारी ठेवायचे, काय गाळलं, कुठे शब्द जास्त जहाल केला ते बघायचं. प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली २२ जून १८९७ ला, त्याच्या आधीचे चार महिने घेतले तरी वर्ष पुरणार नाही. तिथल्या किती विद्यार्थ्यांना मराठी वाचता येतं? हा प्रश्न हातात असून तिला सेमिनारला बसवणं म्हणजे पोहता येणाऱ्याला फ्लोट बांधणं.

पेठेतला:
मुळात प्लेगसाठी लंडन कशाला?? मूळ मराठी पत्रं इथे, मुंबई सरकारची दफ्तरं मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. इथलं एमए आता ८८ क्रेडिटचं आहे, पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी, शेवटच्या दोन सेममध्ये मिळून १० क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट. परत येऊन प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावीच लागेल आणि नेटचा पेपर हडप्पापासून सुरू होतो, तिथे ना ते टॉट कामाला येणार ना एमरेस.

बोरूबहाद्दर:
१० क्रेडिटचा प्रोजेक्ट!! शेवटच्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग होताना बघितलेत ते. सगळेच तसे नसतात, मान्य.

लीड्सवाली:
व्हिसाचं कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. जानेवारी २०२४ पासून टॉट मास्टर्सवाल्यांना नवरा-बायको, मुलं सोबत आणता येत नाहीत, रिसर्च डिग्रीवाल्यांना येतात. त्यामुळे इकडे काही जण एमरेस फक्त तेवढ्यासाठी घेतात, मग प्रश्न नाही, विषय नाही, ऑक्टोबरपासून रडारड. नंतरच्या वर्क व्हिसात मात्र दोन्ही सारखेच, आत्ता दोन वर्षं मिळतात, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड. आणि एमरेसमध्ये एकटेपणा फार, म्हणून निवांत यांचं टॉटचं मत मला पटतं. वर्ग फार कमी असतात हो, महिन्यातून एकदा गाइड भेटणार आणि बाकी तुम्ही आणि तुमचा लॅपटॉप.

निवांत:
तिचं लग्न वगैरे नाहीये त्यामुळे तो मुद्दा बाद. गोषवाऱ्यांचं तिला सांगितलं तर आत्तापासूनच नाचतेय. पण मला अजून वाटतं की प्रश्न आपल्याला कुणीतरी आयता दिला म्हणून तो आपला होत नाही, एक वर्ष शांत वाचलं तर कदाचित याहून चांगला सापडेल.

बोरूबहाद्दर:
वाचू दे की, एमरेसमध्ये वाचायला बंदी नाही. एकच करा, ज्यांच्या हाताखाली करायचंय त्यांना मेल टाकून पुढच्या वर्षी सबॅटिकलवर म्हणजे संशोधनाच्या रजेवर आहेत का ते विचारायला सांगा. गाइडच जागेवर नसेल तर मात्र गपचूप टॉट घ्या, तेव्हा मी काही बोलणार नाही.