फ्रॅक्टल चित्र ‘काढतात’, ‘बनवतात’ की ‘शोधतात’?

विचारणा:
रोज एक फ्रॅक्टल चित्र (गणिती सूत्रातून उमटणारी, कितीही जवळून पाहिली तरी बारकावे न संपणारी नक्षी) करून मित्रमंडळींना पाठवते. हाताने रेघ ओढत नाही. सूत्र, त्यातली जागा आणि रंग मी ठरवते, बाकी आकडेमोड संगणकाची. खाली ‘मी काढलेलं’ लिहिलं की कोणीतरी हमखास विचारतं, “तू कुठे काढलंस?” ‘बनवलेलं’ लिहावं तर कारखान्यातला माल वाटतो. योग्य क्रियापद कोणतं? आणि फ्रॅक्टलला मराठी शब्द आहे का?

प्रतिसाद:
‘शोधलेलं’ म्हणा. मँडेलब्रॉट संच, म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध फ्रॅक्टल, तुम्ही जन्माला घातलेला नाही. संमिश्र प्रतलावरचा (जिथे प्रत्येक बिंदू ही एक संख्या असते) एक बिंदू घ्यायचा, शून्यापासून सुरुवात करायची, आलेल्या उत्तराचा वर्ग करून त्यात तो बिंदू मिळवायचा, आणि हेच करत राहायचं. उत्तर शून्यापासून २ पेक्षा लांब गेलं की ते अनंताकडे पळणार हे ठरलेलं. कधीच गेलं नाही तर बिंदू संचातला. पळायला किती फेऱ्या लागल्या त्यावरून बाहेरच्या बिंदूंना रंग मिळतो. ‘सीहॉर्स व्हॅली’, म्हणजे या संचातली समुद्रघोड्यांसारख्या आकारांची खाच, जगात कोणीही गेलं तरी त्याच जागी सापडते.

प्रतिसाद:
जागा तीच, चित्र तेच नव्हे. एकाच जागेला एकाने पट्ट्यापट्ट्यांचे रंग दिले आणि दुसऱ्याने सलग उतरत जाणारे, तर दोन्ही शेजारी ठेवून ओळख पटत नाही. फेऱ्यांची मर्यादा कमी ठेवली तर काठाजवळचे बिंदू पळायच्या आतच मोजणी थांबते, ते संचातले समजून काळे होतात आणि नक्षी बुजते. हे सगळं ठरवणारा माणूस नुसता शोधत नसतो.

(‘पुनरावृत्ती’ऐवजी तुम्ही ‘फेरी’ वापरलंत ते आवडलं. पुनरावृत्तीत तेच ते परत येतं. इथे मागचं उत्तर पुढच्या फेरीचा कच्चा माल असतो.)

प्रतिसाद:
मला ‘काढणे’च बरोबर वाटतं, आणि त्यावर हरकत घेणाऱ्यांनी मराठी जरा आठवून पाहावी. आपण चित्र काढतो, तिथे हात लागतो. फोटो काढतो, तिथे समोर आधीच असलेल्यातून चौकट निवडतो. वर्गमूळ काढतो, तिथे उत्तर ठरलेलंच असतं, ते आकडेमोडीने बाहेर आणायचं. फ्रॅक्टल चित्रात या तीनही गोष्टी आहेत. ‘शोधणे’ आणि ‘बनवणे’ यांची भांडणं ज्यांना लावायची त्यांनी लावावीत; आपलं क्रियापद दोघांनाही पोटात घेतं. ‘रेखाटलेलं’ मात्र लिहू नका, ते खोटं ठरेल.

प्रतिसाद:
आता नामाकडे. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हा शब्द घडवला तो लॅटिन ‘फ्रॅक्टस’वरून, म्हणजे मोडलेलं, तुटलेलं. म्हणून ‘भग्नाकृती’?

प्रतिसाद:
नको. ‘भग्न’ म्हटलं की अवशेष आठवतात, पूर्वी धड असलेलं काहीतरी. ‘अपूर्णमित’ कसा वाटतो? रेषेची मिती १, पृष्ठाची २; कॉख वक्राची (हिमकणाच्या काठासारख्या दातेरी फ्रॅक्टल रेषेची) मिती सुमारे १.२६ येते, ना धड रेषा ना धड पृष्ठ. शब्दातच व्याख्या आली.

प्रतिसाद:
व्याख्याच आडवी येते. मँडेलब्रॉट संचाच्या काठाची मिती नेमकी २ आहे, गणितज्ञ मित्सुहिरो शिशिकुरा यांनी ते सिद्ध केलंय. २ हा पूर्णांक. म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध फ्रॅक्टलच ‘अपूर्णमित’ नाही! ‘स्वसदृश’ (ज्याचा तुकडा अख्ख्या आकारासारखाच दिसतो असं) म्हणावं तर साधी सरळ रेषाही स्वसदृश असते. शिवाय या संचात खोलवर दिसणारी पिल्लं मूळ आकाराच्या हुबेहूब प्रती नसतात, प्रत्येकाभोवतीची झालर वेगळी. शब्द ‘फ्रॅक्टल’च राहू द्या. ‘फ्रॅक्टल्स’ मात्र टाळता येतं: एक फ्रॅक्टल, अनेक फ्रॅक्टल. नपुंसकलिंगी.

विचारणा करणारीकडून:
‘काढलेलं’ पक्कं. आता कोणी विचारलं तर वर्गमूळ पुढे करते. हा छंद म्हणावा की नाद?

प्रतिसाद:
छंद जोपासतात, नाद लागतो. रात्री संगणक रेंडरला, म्हणजे चित्र तयार करायला, लावून सकाळी दात घासायच्या आधी पडदा बघत असाल तर स्वतःच ठरवा.

एक कामाची गोष्ट. पाठवताना चित्राखाली सूत्र, मध्यबिंदूचे निर्देशक, झूम आणि फेऱ्यांची मर्यादा लिहीत जा. तेवढ्यावर दुसऱ्यालाही तीच जागा काढता येते, आणि तो आपले रंग देऊन परत पाठवतो. निर्देशकांचे दशांश मात्र छाटू नका. नेहमीच्या गणनेत १५-१६ अंकांपर्यंतच अचूकता मिळते. त्याहून खोल गेला असाल तर चित्र चौकोनी ठिपक्यांत फुटतं. मग जास्त अंकांची गणना करणारा प्रोग्राम लागतो आणि निर्देशकही तितकेच लांबलचक द्यावे लागतात. शेवटचे चार अंक गाळलेत तर समोरच्याला भलतीच जागा मिळेल, आणि तो म्हणेल, “तू कुठे काढलंस?”, या खेपेला अगदी खरोखर.