आधी खाडा बघा
"गरीब बायका दुखणं अंगावर काढतात, त्यांचं प्रबोधन करा," हे मत मला अजिबात पटत नाही. बीडच्या ऊसतोड कामगारांचं बघा. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, आणि एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला जातो. पाळीत पोट दुखत असलं तरी डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं. उसाच्या फडाजवळ ना संडास, ना पुरेसं पाणी. मग गर्भाशय काढून टाकणं हीच सुटका वाटते. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. कितीतरी चाळिशीच्या आतल्या! आधी खाडा बंद व्हायला हवा.