फिरोजा: खाणीच्या नावावर किती विसंबावे?

प्रश्न — रानजाई

नमस्कार. आईच्या एकसष्टीसाठी फिरोज्याची सोन्याची अंगठी आणि स्वतःसाठी चांदीचे पदक करून घ्यावे, असा माझा विचार आहे. मी अमेरिकेत फीनिक्सला राहते आणि टूसान येथे दर वर्षी फेब्रुवारीत भरणाऱ्या खनिजांच्या मोठ्या बाजारात काही खडे पाहून आले आहे. घडणावळ मात्र नाशिकच्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे होईल. बाजारात प्रत्येक खड्यापुढे खाणीचे नाव होते आणि किमतीतला फरकही बहुतेक त्या नावावरच ठरत होता. एक ‘स्लीपिंग ब्यूटी’चा, डागविरहित आकाशी, दुसरा ‘बिस्बी’चा, गडद निळा आणि तपकिरी रेषांचा, तिसऱ्याला विक्रेता ‘पर्शियन’ म्हणत होता, चौथा ‘किंगमन’चा, बराच स्वस्त, पण त्याच्या पाटीवर ‘स्टॅबिलाइज्ड’ असे लिहिले होते. शिवाय चीनमधल्या हुबेईचा म्हणून काळ्या जाळीचा एक खडा होता, जो मला तरी बिस्बीपेक्षा देखणा वाटला.

खाण बदलल्याने खड्यात नेमके काय बदलते, आणि विक्रेत्याने सांगितलेली खाण खरी आहे हे ओळखता येते का? आई अंगठी घालूनच स्वयंपाकघरात वावरणार आहे, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.

उत्तर १ — मणिपारखी

फिरोजा म्हणजे तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट. निळा रंग तांब्यामुळे येतो. अ‍ॅल्युमिनियमची जागा लोह जितकी घेते, तितका खडा हिरव्याकडे झुकतो, आणि जस्त आले तर पिवळसर हिरवी छटा दिसू लागते. हे खनिज बहुधा कोरड्या प्रदेशात, तांब्याच्या साठ्यांच्या वरच्या थरांत, झिरपणाऱ्या पाण्यातून खडकाच्या भेगांत साठत जाते. त्यामुळे आजूबाजूचा खडक कोणता, त्यात लोह किती आणि भेगा किती रुंद होत्या, यांवर रंग, रेषा व घट्टपणा ठरतो. खाणीखाणीतला फरक म्हणतात तो एवढाच. पण एकाच खाणीच्या दोन टोकांना निघालेले खडे एकमेकांना ओळख देणार नाहीत इतके वेगळे असू शकतात, हे पाटीवर कोणी लिहीत नाही.

आता तुम्ही पाहिलेल्या खड्यांविषयी. स्लीपिंग ब्यूटी ही अ‍ॅरिझोनातील ग्लोब गावाजवळची तांब्याची खाण. तिथला फिरोजा एकसारखा आकाशी आणि जवळजवळ रेषाविरहित असे. फिरोज्याचे उत्पादन तिथे 2012 मध्ये थांबले, त्यामुळे आज मिळतो तो साठवलेला माल असतो किंवा त्या नावाने विकला जाणारा दुसरा एखादा आकाशी खडा असतो. बिस्बीचा फिरोजा अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण टोकाच्या लॅव्हेंडर पिट या उघड्या खाणीत तांब्याबरोबर निघे आणि तिथले खाणकाम 1970 च्या दशकाच्या मध्यात बंद पडले. खाणकामगार जेवणाच्या डब्यांतून हे दगड घरी नेत, अशी त्या गावची आख्यायिका आहे आणि तिच्यात तथ्यही बरेच असावे. किंगमनची खाण मात्र चालू आहे; तिच्यातून फिकटापासून गडदपर्यंत, रेषांसह आणि रेषांविना, सगळ्या तऱ्हेचा माल निघतो, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणत्याही खाणीचे नाव लावण्यासाठी तो सोयीचा पडतो.

‘पर्शियन’ या शब्दाबाबत विशेष सावध राहावे. खरा इराणी फिरोजा खोरासानातील निशापूरच्या खाणींतून येतो. अमेरिकेत इराणी मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे तिथल्या बाजारात नव्याने आलेला खडा ‘पर्शियन’ म्हणून समोर ठेवला, की तो जुन्या दागिन्यातून काढलेला आहे का, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. बऱ्याचदा विक्रेत्याला त्या शब्दाने देश सांगायचा नसतो. रेषाविरहित, भरीव निळ्या रंगाची ती व्यापारी प्रतवारी असते. पाटी वाचणाऱ्याला हा भेद कळत नाही, आणि तो कळू नये यातच विक्रेत्याचा फायदा असतो.

खाण ओळखता येते का, याला माझे उत्तर असे: नुसत्या डोळ्यांनी, खात्रीने, नाही. न्यू मेक्सिकोतील चाको कॅन्यनच्या प्राचीन वस्त्यांत सापडलेले फिरोज्याचे मणी जवळच्या सेरिलोसच्या खाणींतलेच असणार, असे बराच काळ गृहीत धरले गेले होते. हायड्रोजन आणि तांबे यांच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे) प्रमाण मोजल्यावर दिसले, की त्यांतले काही कोलोरॅडो, नेवाडा आणि आग्नेय कॅलिफोर्नियातूनही आलेले होते. जे काम प्रयोगशाळेत महागड्या यंत्रावर करावे लागते, ते टूसानच्या तंबूतला विक्रेता दगड उन्हात धरून करतो, यावर किती विश्वास ठेवावा हे तुम्हीच ठरवा.

म्हणून मी प्रश्नांचा क्रम उलटा लावीन. आधी खडा खरा फिरोजा आहे का. मग त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे. आणि हे दोन्ही पटले तर शेवटी खाण. हाऊलाइट आणि मॅग्नेसाइट ही पांढरी खनिजे रंगवून फिरोजा म्हणून सर्रास विकली जातात. भेगांत रंग साचून तिथे तो गडद दिसतो, आणि मण्याच्या छिद्रात भिंगातून पाहिले तर आतला पांढरा गाभा उघडा पडतो. ‘आफ्रिकन टरक्वाइज’, म्हणजे आफ्रिकी फिरोजा, या नावाने मिळतो तो तर जॅस्पर जातीचा दगड आहे. ‘स्टॅबिलाइज्ड’ म्हणजे सच्छिद्र खड्यात दाबाखाली रंगहीन राळ मुरवलेली असते. खडा खराच असतो, फक्त त्याला आधार दिलेला असतो, आणि विक्रेत्याने ते पाटीवर लिहिले ही त्याच्या बाजूने जमेची गोष्ट आहे. आणखी एक, झॅकरी नावाची विजेच्या साहाय्याने होणारी प्रक्रिया आहे. तिच्यात राळ नसते, पण खड्यातले पोटॅशियम वाढते, आणि ते रासायनिक विश्लेषणाशिवाय सहसा पकडता येत नाही.

उत्तर २ — चांदीकाम

मणिपारखी यांचे विवेचन बिनतोड आहे, परंतु खाणीचे नाव इतके तळाला टाकणे मला पटत नाही. मी अल्बुकर्कीत राहतो, हौसेने चांदीचे काम करतो, आणि इथे खाणीचे नाव ही त्या दागिन्याच्या घडणीशी जोडलेली बाब आहे. झुनी या इथल्या मूळनिवासी जमातीचे कारागीर सुईच्या टोकाएवढे निमुळते खडे एका पदकात ओळीने बसवतात. त्यासाठी एकसारख्या रंगाचा, रेषा नसलेला आणि बारीक घासला तरी न फुटणारा दगड लागतो. स्लीपिंग ब्यूटीचा फिरोजा या कामाला आणि झुनींच्या जडावाला इतका जुळला, की खाण बंद झाल्यावर त्यांच्यापुढे खरोखर अडचण उभी राहिली. याउलट नवाहो या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या घडणीत पत्र्याच्या कोंदणात एकच मोठा खडा बसवून भोवती ठशांचे काम करण्याची रीत आहे. तिथे खड्याला स्वतःचे काही सांगायचे असावे लागते, म्हणून बिस्बीच्या धुरकट तपकिरी रेषा किंवा नेवाडातील रॉयस्टनच्या एकाच खड्यातल्या निळ्या-हिरव्या लाटा तिथे शोभतात. रिओ ग्रांदेच्या काठच्या केवा पुएब्लो या मूळनिवासी गावातील लोक फिरोज्याच्या पातळ चकत्या घासून माळा ओवतात; तिथे पुन्हा निकष वेगळाच.

जाळीदार खड्यांत सर्वांत चढा भाव नेवाडातील लँडर ब्लूला मिळतो. 1973 मध्ये सापडलेल्या या इवल्याशा खाणीतून सगळा मिळून शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलोच फिरोजा निघाला. गडद निळ्यावर काळी, अतिशय बारीक, सलग जाळी. हे वर्णन वाचल्यावर तुम्ही पाहिलेला हुबेईचा खडा डोळ्यांपुढे येतो ना? चिनी जाळीदार खड्यांना नेवाडाची नावे लावण्याचा मोह त्यामुळेच होतो. तुमच्या विक्रेत्याने सरळ ‘हुबेई’ असे सांगितले असेल, तर माझ्या मते तो त्या तंबूतला सर्वांत भरवशाचा माणूस आहे. हुबेईतल्या शियान परिसरातील खाणींत उत्तम, घट्ट माल निघतो आणि त्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पदकासाठी मी तोच खडा घेईन.

एक सूचना. इथे पातळ खड्यांना मागून आधाराचा थर चिकटवण्याची रीत आहे. ती लबाडी नसून फिरोज्याच्या पातळ शिरांवरचा उपाय आहे. पण वजनावर किंमत लावत असतील तर तो थर किती जाड आहे, हे खडा आडवा धरून बघावे.

उत्तर ३ — कोंदण

वरच्या दोन्ही उत्तरांत खड्याची बाजू आली, आता घडणीची. आमचे घराणे कोल्हापुरात सराफीत आहे आणि मी स्वतः घडणीच्या बाजूला बसतो.

फिरोज्याची कठीणता मोहस मापनावर (खनिजांची कठीणता एक ते दहा अशी मोजणाऱ्या) पाच ते सहा असते. भुसभुशीत मालाची त्याहूनही कमी. माणिक किंवा नीलम बसवणारा कारागीर ज्या सहजतेने हत्यार चालवतो, ती इथे चालत नाही. खड्याच्या रचनेतच पाणी असल्याने आच लागली की रंग उतरतो, क्वचित तडाही जातो. तेव्हा डाख लावणे, आम्लाच्या पाण्यात सफाई करणे आणि अंगठीचे माप जुळवणे ही सगळी कामे खडा बसवण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावीत, हे तुमच्या सराफाला आवर्जून सांगा. राळ मुरवलेल्या खड्याला तर ज्योत दिसलीसुद्धा नाही पाहिजे. पुढे कधी अंगठी सैल किंवा घट्ट झाली तरी खडा काढल्याशिवाय तिला हात लावू देऊ नका.

आपल्याकडे रत्न बोटाला टेकावे म्हणून कोंदण मागून उघडे ठेवण्याचा आग्रह असतो. ग्रहासाठी खडा घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, परंतु फिरोजा सच्छिद्र आहे. घाम, तेल, साबण तो शोषून घेतो आणि वर्षा-दोन वर्षांत हिरवट पडू शकतो. तुमच्या आई ही अंगठी घालून फोडणी करणार, कणीक मळणार, हळद हाताळणार. प्रक्रिया न केलेल्या मऊसर फिरोज्यात हळद शिरली तर ती निघत नाही, हे मी दुरुस्तीला आलेल्या अंगठीवर पाहिले आहे: खडा आकाशी, आणि कोंदणाच्या कडेने मोहरीच्या फुलासारखी पिवळी कड. म्हणून मागून बंद, कड जरा उंच असलेले सोन्याचे कोंदण घ्यावे आणि खडा बोटाच्या पातळीपासून फार वर काढू नये. उजळायला अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकू नये, आणि घरीही रिठ्याच्या पाण्यात भिजत ठेवू नये. ओलसर मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी.

सोन्यात फिरोजा शोभत नाही, तो चांदीचाच, असे अमेरिकेतल्या दागिन्यांवरून वाटू शकते. निशापूरचा फिरोजा मात्र पिढ्यानपिढ्या सोन्यात बसत आला आहे, आणि तिकडच्या जुन्या प्रतवारीत सर्वांत वरच्या मालाला ‘अंगुश्तरी’, म्हणजे अंगठीचा, असेच म्हणतात. ‘बरखाने’ आणि ‘अरबी’ त्याच्या खालचे. नेपोलियनची दुसरी राणी मारी लुईझ हिच्या मुकुटात मुळात पाचू होते. ते 1950 च्या दशकात काढून विकले गेले आणि त्यांच्या जागी 79 इराणी फिरोजे हिऱ्यांच्या मधोमध बसवण्यात आले. तो मुकुट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तुम्ही अमेरिकेतच आहात तर जमल्यास पाहून या. भरीव, रेषाविरहित निळ्याची बरोबरी कशाशी करायची, हे डोळ्यांत बसेल.

रानजाई

तिघांचेही मनःपूर्वक आभार. विक्रेत्याला संदेश पाठवला होता. ‘पर्शियन’ हे रंगाचे नाव आहे, हे त्याने लगेच मान्य केले. खडा कुठला, ते सांगितले नाही. स्लीपिंग ब्यूटीचा खडा प्रक्रिया न केलेला असल्याचे तो पावतीवर लिहून द्यायला तयार आहे, परंतु खाणीचे नाव लिहायला तयार नाही. हुबेईच्या खड्याला आधाराचा थर आहे आणि भाव नगावर आहे, वजनावर नाही. अशा स्थितीत अंगठीसाठी प्रक्रिया न केलेला आकाशी खडा घ्यावा की राळ मुरवलेला किंगमन?

मणिपारखी

रोज घालायच्या अंगठीसाठी किंगमन घ्यावा. राळ मुरल्याने छिद्रे भरलेली असतात, त्यामुळे तेल आणि हळद सहजी आत शिरत नाहीत, आणि किंमत कमी असल्याने काही वर्षांनी खडा बदलावा लागला तरी जीव हळहळणार नाही. सणावारापुरतीच घालायची असती, तर मी आकाशी खड्याच्या बाजूने बोललो असतो. मात्र जो विक्रेता खाणीचे नाव तोंडाने सांगतो आणि कागदावर लिहीत नाही, त्याला त्या नावाचा वेगळा भाव देऊ नये. साध्या, प्रक्रियाविरहित आकाशी फिरोज्याचा जो दर बसतो तोच द्यावा. किंगमनच्या पावतीवर ‘राळ मुरवलेला, रंग न दिलेला’ हे दोन्ही शब्दप्रयोग स्वतंत्रपणे लिहून घ्या, कारण काही ठिकाणी राळेतच रंग मिसळून दोन्ही कामे एका खेपेत उरकलेली असतात.

कोंदण

आणि त्या पावतीची एक प्रत नाशिकच्या सराफाला द्या. खड्यात राळ आहे हे कागदावर दिसले की कारागीर ज्योत लांब ठेवतो.