मदत हवी आहे: आईचा सीसीएफ, मांडीतून नळी आत गेली नाही

मुग्धा_स
आईला सीसीएफ आहे, म्हणजे डोळ्यामागे धमनी आणि शिरेची चुकीची जोडणी होऊन धमनीचं रक्त शिरेत शिरतंय. मांडीतून नळी घालून ती जोडणी बंद करायला गेले, पण वाटेतली शीर बंद निघाली. आता डॉक्टर म्हणतात, पापणीला छेद देऊन डोळ्याच्या शिरेतून जाऊ. डोळ्यातून?? कुणाचं झालंय का असं? सोमवारी हो-नाही कळवायचंय.

राजाभाऊ
वय? अपघात झाला होता का? डायरेक्ट (मुख्य धमनीतूनच गळती) की इनडायरेक्ट (तिच्या बारीक फांद्यांतून)?

किरण_मिरज
माझा मेव्हणा बाइकवरून पडला तेव्हा हेच झालं होतं. मांडीतूनच कॉइल (गळती बुजवणारी बारीक तारेची गुंडाळी) टाकून बरा झाला. डोळ्याला हात लावू देऊ नका, हॉस्पिटल बदला.

राजाभाऊ
अहो, अपघातात मुख्य कॅरोटिडलाच (मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमनीला) भोक पडतं, तिथे धमनीतून जाता येतं. यांचं तसं आहे हे ठरलं कुठे?

मुग्धा_स
६३. पडली वगैरे नाही. रिपोर्टवर टाइप डी. डोळा लालभडक, पुढे आलाय, नाडीबरोबर कानात सूं सूं आवाज.

शशी_काका
मानेतली नाडी दाबायचा व्यायाम करा. माझ्या बहिणीचं त्यावरच बंद झालं.

नेत्रा
काका, तो उपाय काही इनडायरेक्ट केसेसमध्येच, आणि मान तपासल्यावरच. दाबायचं विरुद्ध बाजूच्या हाताने: मेंदूला रक्त कमी पडलं तर तोच हात लुळा पडून आपोआप सुटतो. घरच्या घरी सुरू करू नका.
मुग्धाताई, मी ऑक्युलोप्लास्टी (पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रिया) करते. टाइप डी म्हणजे मेंदूच्या आवरणाला रक्त देणाऱ्या धमन्यांच्या बारीक फांद्या कॅव्हर्नस सायनसला (डोळ्यामागच्या शिरांच्या पोकळीला) जोडल्या गेल्यात, म्हणून शिरेकडून जातात. नेहमीची वाट, इन्फीरिअर पेट्रोसल सायनस ही कवटीच्या तळाची शीर, बंद असेल तर डोळ्याची वरची शीर उरते. रक्त उलटं येत असल्याने ती फुगलेली असते. पापणीच्या घडीत छेद देऊन आम्ही ती मोकळी करतो, दोऱ्याने धरतो, मग रेडिऑलॉजिस्ट तिच्यातून कॉइल भरतात. बुबुळाला धक्का लागत नाही. खरी भीती शीर फाटून डोळ्यामागे रक्त साचण्याची, म्हणून दोन्ही टीम हजर हव्यात. डोळ्याचा दाब किती? मेंदूच्या शिरांत रक्त उलटं जातंय का? जात असेल तर थांबू नका, रक्तस्रावाचा धोका असतो.

पल्लवी७
मोतीबिंदूला मेडिक्लेम मिळतो, आधी अर्ज करा.

राजाभाऊ
मोतीबिंदूचा विषयच नाही इथे.

मुग्धा_स
'कॉर्टिकल रिफ्लक्स नाही' असं लिहिलंय, म्हणजे मेंदूच्या शिरांत रक्त उलटं जात नाहीये. दाब लिहिलेलाच नाही. उद्या विचारते. दोन्ही टीम एकत्र असतील का, तेही.